अक्षर आणि दाखला



न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे तिच्या धर्तीवर महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांत व्याख्यानांची प्रथा रुजली, ह्याच्या मुळाशी आपल्या समाजाची एक जुनी सवय होती. ती म्हणजे कानाने शिकण्याची. कीर्तन, प्रवचन, पुराण आणि पोवाडा ह्यांच्या द्वारे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धर्म, नीती, इतिहास आणि व्यवहार आत्मसात केला, त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. तरीही कीर्तन आटोपल्यावर देवळाच्या पायरीवर रंगणारे त्यांचे वाद ज्याने ऐकले, त्याने त्यांना मंदबुद्धी म्हणण्याचे धाडस केले नसते. आज मी ज्या मुलाविषयी बोलणार आहे, ते ह्या सभागृहात बसले तर माझे म्हणणे तुमच्याइतकेच नीट समजून घेईल आणि घरी जाऊन त्याचा सारांशही सांगेल. मात्र हेच व्याख्यान उद्या छापून त्याच्या हाती दिले, तर पहिल्याच परिच्छेदात ते अडखळेल, घामाघूम होईल, आणि पान संपेतो आरंभी काय वाचले ह्याचा त्याला विसर पडेल. ज्या प्राथमिक शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांची सारी हयात पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. तेव्हा त्या वर्गातच ज्याचे भवितव्य ठरते, असा विषय आज निवडणे मला उचित वाटले.

डोळे शाबूत, कान शाबूत, समज वयाला साजेशी किंवा वयाच्या पुढची, शाळेत नियमित हजेरी, घरी अभ्यासाविषयी आस्था, आणि इतके असूनही शब्द वाचणे व लिहिणे ह्या बाबतीत जे मूल वर्षानुवर्षे मागे राहते, त्याच्या ह्या स्थितीस डिस्लेक्सिया म्हणतात. सरकारी दप्तरात तिची नोंद ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ ह्या सदराखाली होते, आणि लेखनाच्या व गणिताच्या तत्सम अडचणीही त्याच सदरात मोडतात. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून तिचे प्रमाण सामान्यतः शेकडा ५ ते १० धरले जाते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन ते चार मुले असावयाची. हा आजार नव्हे, औषधाने तो जात नाही. तो बहुधा घराण्यात चालत येतो आणि जन्मभर सोबत राहतो. परंतु योग्य शिकवणुकीने त्याचा जाच पुष्कळ कमी होतो, हेही तितकेच निर्विवाद आहे. माझे प्रतिपाद्य थोडक्यात असे की, महाराष्ट्राने गेल्या तीसएक वर्षांत ह्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याची तजवीज केली आणि ती योग्यच केली. पण त्यांना वाचावयास शिकविण्याची तजवीज त्या मानाने फारच तोकडी राहिली, आणि अक्षमतेचा दाखला हाती पडला म्हणजे शाळेचे कर्तव्य संपले असा एक सोयीस्कर समज मागे उरला.

ह्या स्थितीचा शोध प्रथम शिक्षकांना लागला नाही. तो नेत्रवैद्यांना लागला, आणि ते स्वाभाविकच होते, कारण वाचता न येणाऱ्या मुलाला आईबाप आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडेच नेतात. जर्मनीतील स्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडोल्फ बर्लिन यांनी १८८७ च्या आपल्या पुस्तकात डिस्लेक्सिया हे नाव योजले, ते मेंदूला इजा होऊन वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांसाठी. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांनी १८९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशाच प्रौढांविषयी लिहिले, आणि ते वाचून ससेक्स परगण्यातील सीफर्ड येथील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या ७ नोव्हेंबर १८९६ च्या अंकात एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली, ज्याच्या मेंदूला कसलीही इजा झालेली नव्हती. पर्सी नावाचा हा मुलगा खेळात चपळ आणि बोलण्यात तरतरीत होता. सात वर्षे शिकवूनही त्याला लहानसहान शब्द कष्टानेच वाचता येत, आणि स्वतःच्या नावातील अक्षरांची तो उलटापालट करी. हाच मुलगा अंक मात्र लीलया वाचत असे, आणि ७४९ ला ८६७ ने गुणण्याचे काम त्याने झटपट व बिनचूक केले. त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय मॉर्गनसाहेबांनी नमूद करून ठेवला आहे: सारे शिक्षण तोंडी असते, तर शाळेतील सर्वांत हुशार मुलगा हाच ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकाने निदान अचूक केले होते; उपाय काय करावा, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते.

ही हकीकत १८९६ सालीच का नोंदली गेली आणि त्यापूर्वी दोनशे वर्षे का नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकात जितके आहे, त्याहून अधिक राज्यकारभारात आहे. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने प्राथमिक शाळांचे जाळे पसरले, १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली, आणि मग मुलांची एक अख्खी पिढी बाकावर बसल्यावर, सारखीच शिकवणूक मिळूनही जे वाचू शकत नाही असे मूल उठून दिसू लागले. आपल्याकडे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात १९०६ साली आणि शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली ती आपापल्या मुलखात अमलात आणली. गोखल्यांचे १९११ चे विधेयक मात्र कलकत्त्याच्या कौन्सिलात नामंजूर झाले, आणि संपूर्ण देशास लागू होणारा हक्काचा कायदा येण्यास २००९ साल उजाडावे लागले. शाळा मूठभरांची होती तोवर ज्याला अक्षर जमले नाही, तो निमूटपणे शेतावर, दुकानात किंवा कारखान्यात जाई, आणि त्याचे तेथे काही अडत नसे. बहिणाबाई चौधरी यांना अक्षर येत नव्हते ते शाळेचे तोंडच पाहावयास न मिळाल्यामुळे, आणि त्यांच्या तोंडची कविता मुलाने टिपून ठेवल्यामुळे महाराष्ट्राला मिळाली. बादशहा अकबराला शिक्षक मिळूनही लिहितावाचता येत नव्हते असे त्याच्या पुत्राने आत्मचरित्रात लिहिले आहे, आणि तो रोज ग्रंथ वाचवून घेत असे व वाचन जेथे थांबे तेथे स्वहस्ते खूण करी, अशी नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आहे. अकबराला डिस्लेक्सिया होता असे आज छातीठोकपणे सांगणे म्हणजे मृताच्या नाडीवर बोट ठेवण्यासारखे होईल. परंतु न वाचताही बहुश्रुत होता येते, एवढे मात्र ह्या दोन भिन्न उदाहरणांवरून सिद्ध होते. आणि ज्या राज्याने शाळा सक्तीची केली, त्याने त्या शाळेत अडकून पडणाऱ्या मुलाची जबाबदारीही आपल्या शिरावर घेतली, असा निष्कर्ष सक्तीच्या ह्या इतिहासातून ओघानेच निघतो.

आता ह्या अडचणीचे स्वरूप पाहू. बोलणे मनुष्याला निसर्गतः येते. माणसांत वाढलेले मूल कोणी न शिकविता बोलू लागते. वाचनाचे तसे नाही. लेखनकला अवघी पाच हजार वर्षांची, आणि बहुजनांपर्यंत ती पोहोचली त्यास दीडदोनशे वर्षेच झाली. मेंदूत वाचनासाठी उपजत असा कोपरा राखून ठेवलेला नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास देहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की, आकार ओळखण्याचे काम करणारा मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग शिकवणुकीने अक्षरांच्या कामाला जुंपला जातो, आणि प्रौढपणी साक्षर झालेल्यांतही हा पालट घडतो. हे जुंपणे ज्यावर अवलंबून असते ती क्षमता म्हणजे उच्चारलेल्या शब्दातील सुटे ध्वनी वेगळे काढण्याची. अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात ह्या बाबीकडे लक्ष वेधले, आणि पुढील संशोधनाने ती बळकट केली: डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांचा अडसर डोळ्यांत नसून ध्वनीच्या ह्या पृथक्करणात आणि ध्वनीची अक्षराशी सांगड घालण्यात असतो. अक्षरे उलटी दिसतात हा लोकप्रिय समज म्हणूनच अपुरा आहे. चार-सहा वर्षांची पुष्कळ मुले आरंभी अक्षरे उलटी काढतात. ह्या मुलांच्या बाबतीत ती अवस्था रेंगाळते, इतकेच.

आपली देवनागरी जसे उच्चारण तसे लेखन ह्या तत्त्वावर उभी आहे, तेव्हा ही पीडा इंग्रजीची, मराठीत तिचे काम काय, असे म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ मला पुष्कळ भेटले आहेत. त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि पुष्कळशी फसगत आहे. तथ्य असे की, नियमित लिपीत ही अडचण सौम्य दिसते. २००१ साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषक डिस्लेक्सियाग्रस्त प्रौढांच्या मेंदूची तुलना करण्यात आली, तेव्हा तिघांच्याही मेंदूत उणेपणा एकाच जागी आढळला, परंतु वाचनात इटालियन मंडळी इतरांपेक्षा सरस ठरली, कारण त्यांची लेखनपद्धती सरळ आहे. जपानमध्ये वाढलेल्या एका इंग्रजी घरच्या तरुणाचे उदाहरण १९९९ साली प्रसिद्ध झाले. तो जपानी उत्तम वाचे आणि इंग्रजीत मात्र पुरता अडखळे. फसगत अशी की, नियमित लिपीत चुका कमी होतात, पण गती येत नाही. मराठी वाचणारे असे मूल पाचवीत गेले तरी एकेक अक्षर उचलून पुढे सरकते, शब्द बरोबर वाचते, आणि वाक्याच्या शेवटाला पोहोचेतो वाक्याचा अर्थ निसटलेला असतो. शिक्षक म्हणतात, वाचता येते, पण आळशी आहे. आणि तेथेच त्याच्यावर अन्याय होतो.

शिवाय देवनागरी सोपी आहे हेही सरसकट खरे नाही. बाराखडीने गुणिले असता मुलाला ओळखाव्या लागणाऱ्या अक्षरचिन्हांची संख्या चारशेच्या वर जाते, आणि जोडाक्षरे त्यांहून निराळी. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या अभ्यासातून दाखविले आहे की, अशा अक्षरप्रधान लिपीवर प्रभुत्व येण्यास इयत्ता चौथीपर्यंत आणि त्याही पुढे वेळ लागतो. ‘किती’ हा केवढासा शब्द. त्यातील पहिली वेलांटी उच्चारात क नंतर येते आणि कागदावर क च्या आधी काढावी लागते, दुसरी वेलांटी मात्र त नंतरच येते. रफार तर ज्या अक्षराच्या आधी उच्चारावयाचा, त्याच्याच डोक्यावर जाऊन बसतो. अर्क, क्रम, ट्रक आणि वऱ्हाड ह्या चार शब्दांत एकच र चार वेषांत येतो. चमचा आणि चंद्र ह्यांतील च चे उच्चार भिन्न, चिन्ह एकच. घ आणि ध, भ आणि म ह्यांत फरक शिरोरेषेच्या एका तुटकेपणाचा किंवा एका गाठीचा. ज्याची ध्वनी आणि चिन्ह ह्यांची सांगड मुळातच सैल आहे, त्याला ह्यांतील प्रत्येक ठिकाण धोक्याचे असते. आणि तरीही आपल्या शाळांत रफाराची चूक ही बेफिकिरीची खूण मानून तांबड्या शाईने अधोरेखित केली जाते.

शुद्धलेखनाविषयीचा आपला अभिनिवेश ह्या ठिकाणी थोडा तपासून पाहण्यासारखा आहे. शिवकालापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत आणि त्यानंतरही कित्येक दशके महाराष्ट्राचा कारभार ज्या मोडी लिपीत चालला, तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सर्वसाधारणपणे पाळला जात नसे; असे असता सनदा निघाल्या, तहनामे झाले, महसूल वसूल झाला, आणि वाचणाऱ्याला अर्थ कळला. आज आपण ज्यांना मराठी शुद्धलेखनाचे नियम म्हणतो, त्यांपैकी चौदा मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली आणि चार १९७२ साली ठरविले. नियम असावेत, छापील मजकुरात ते पाळले जावेत, ह्याविषयी माझा वाद नाही. परंतु ज्या भेदावाचून पेशव्यांच्या दप्तराचे अडले नाही, त्याच्या आधारे दहा वर्षांच्या मुलाच्या बुद्धीचा पंचनामा करणे हे कोणत्याही न्यायाला धरून होणार नाही.

अशा मुलाचा वर्गातील दिवस कसा जातो, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांना त्याच्या हुशारीची खात्री पटविण्याची गरज पडत नाही, कारण वाचता येत नाही हे झाकून ठेवण्यासाठीच ते मूल केवढी तरी बुद्धी खर्ची घालीत असते. शेजाऱ्याचे वाचन ऐकून ते धडा मुखोद्गत करते आणि पाळी आली की पुस्तकाकडे पाहत घडाघडा म्हणते. पुस्तक भलत्याच पानावर उघडलेले असते, एवढ्यावरूनच चाणाक्ष शिक्षकाला ते कळते. प्रकटवाचनाच्या तासाला त्याच्या पोटात दुखते, श्रुतलेखनाच्या दिवशी वही घरी राहते. फळ्यावरचे उतरून घेईतो फळा पुसला जातो. घरी तासन्‌तास पाठ करून घेतलेले शब्द सकाळी पुसून गेलेले असतात, आणि आई, जिने आपली झोपमोड करून ते घोटून घेतले, ती ह्याला हट्टीपणा समजते. मग ढ, मठ्ठ, कामचुकार ही विशेषणे सुरू होतात, आणि आठवी-नववीपर्यंत त्या मुलाचा स्वतःविषयीही तोच ग्रह पक्का होतो. मुलगे निदान वर्गात दंगा करून लक्ष वेधून घेतात. १९९० साली अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानात झालेल्या एका पाहणीत शाळांनी धाडलेल्या नावांत मुलग्यांची संख्या मुलींच्या अनेक पट होती, पण संशोधकांनी सर्वच मुले स्वतः तपासली तेव्हा हे अंतर जवळजवळ नाहीसे झाले. आपल्याकडे गप्प बसलेल्या मुलीला आपण गुणी म्हणतो, तेव्हा ती का गप्प आहे हे विचारावयाचे राहून जाते.

महाराष्ट्राने ह्या बाबतीत इतर राज्यांच्या आधी पाऊल उचलले, ह्याचा उल्लेख अभिमानाने केला पाहिजे. १९९६ च्या सुमारास राज्य शासनाने अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मान्य केल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित, आणि गरजेनुसार लेखनिक. त्याच सुमारास मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, आणि सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांनी तपासणीचा मोठा भार उचलला. १९९५ च्या अपंगविषयक केंद्रीय कायद्यात ह्या मुलांना स्थान नव्हते; ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिले, आणि त्यामुळे पूर्वी जी मेहेरबानी होती तिला हक्काचे रूप आले.

परंतु हक्काची वाट दाखल्यातून जाते, आणि दाखला मिळविणे हे सामान्य माणसाला सोपे नाही. २०१८ साली केंद्र शासनाने ठरवून दिलेल्या पद्धतीत बुद्ध्यांक ८५ च्या वर भरण्याची अट होती. तीनुसार मुलाला आठ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज दाखला मिळत नसे. आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी तपासणी पुन्हा करावी लागे. तपासणीचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले. गडचिरोलीच्या किंवा धडगावच्या पालकाने मजुरी बुडवून किती हेलपाटे घालावेत ह्याचा विचार अर्जाच्या नमुन्यात नाही. चाचणीची भाषा हाही एक बखेडाच आहे: मराठी घरातले मूल इंग्रजी शाळेत, आणि त्याची परीक्षा इंग्रजी शब्दांवर, मग त्याची अडचण वाचनाची की केवळ परक्या भाषेची, हे ठरवावयाचे कसे? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी ह्या भाषांत तपासणीची साधने सिद्ध केली ही समाधानाची गोष्ट होय. आता ती शहरापलीकडे पोहोचली पाहिजेत. बुद्ध्यांकाची ती अट तर शास्त्राच्याही मागे राहिलेली होती, कारण ध्वनीच्या पृथक्करणातील उणीव बुद्ध्यांक उच्च असो वा साधारण, दोन्ही प्रकारच्या मुलांत सारखीच आढळते आणि सारख्याच शिकवणुकीला दाद देते.

व्यवहारात घडते असे की, पहिलीत सुरू झालेली अडचण नववीत, शालान्त परीक्षा डोळ्यांसमोर दिसू लागल्यावर, प्रथम कागदावर येते. धावपळ करून दाखला मिळतो, जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, मूल उत्तीर्ण होते, आणि वाचता येत नाही ते येतच नाही. दर उन्हाळ्यात टँकर पाठवावयाचा आणि विहीर मात्र खणावयाची नाही, अशातला हा प्रकार झाला. तहानेल्याला टँकर नाकारणारा मी नव्हे. परंतु टँकरच्या फेऱ्या मोजून गावाला पाणी मिळाले असे म्हणणाऱ्या अहवालावर माझा विश्वास नाही.

विहीर खणण्याची विद्या मात्र उपलब्ध आहे, आणि ती नवीही नाही. अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ साली शाळकरी मुलांच्या वाचनातील अडचणींवर निबंध लिहिला, आणि पुढे अ‍ॅना गिलिंगहॅम ह्या शिक्षिकेने त्यांच्या विचारांवरून अध्यापनाची पद्धत बांधली. तिचे सूत्र असे: एका वेळी एकच ध्वनी आणि एकच चिन्ह, ते डोळ्याने पाहावयाचे, तोंडाने म्हणावयाचे, कानाने ऐकावयाचे आणि त्याच क्षणी हाताने काढावयाचे, ते पक्के झाल्यावाचून पुढे जावयाचे नाही, आणि पुढे गेल्यावरही मागच्याची उजळणी सोडावयाची नाही. हे ऐकून जुन्या मंडळींना आपल्या पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी आठवेल, जीवर मुले बोटाने अक्षर गिरवीत आणि गिरवताना ते मोठ्याने म्हणत. त्या शाळेतील छडीचे गुणगान करण्याचा माझा इरादा नाही. पण हात, कान आणि वाणी ह्यांना एकत्र कामाला लावण्याची ती रीत आपण छापील वर्कबुकाच्या मोहात फारच घाईने सोडून दिली, असे मला वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत परिसरातील साध्या वस्तूंतून शिक्षण उभे केले. त्यांच्या कार्याकडे ह्या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे.

मराठीपुरते बोलावयाचे तर, मुलापुढे सबंध बाराखडी एकदम उघडण्याऐवजी चारपाच अक्षरे आणि काना एवढ्यावरच वाचता येतील असे शब्द व वाक्ये आधी द्यावीत. घ आणि ध ह्यांच्यात आठवड्यांचे अंतर ठेवावे. पहिल्या वेलांटीचा वळसा हाताला बसेपर्यंत दुसरी शिकवू नये. रफार आणि जोडाक्षर ह्यांसाठी शब्दाचे ध्वनी टाळ्यांनी किंवा खड्यांनी मोजून घ्यावेत. ह्यासाठी रुग्णालय लागत नाही, दाखला लागत नाही, आठ वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. लागतो तो असे शिकविण्याचे शिक्षण मिळालेला शिक्षक आणि रोजचा थोडा वेळ.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ‘प्रथम’ ह्या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालांवरून दिसते की, देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. जेथे निम्मी मुले वाचत नाहीत, तेथे शेकडा दहांची चिंता हा श्रीमंत शहरांचा चोचला नव्हे काय? माझे उत्तर असे की, ही निम्मी मुले डिस्लेक्सियाची नव्हेत. ती बहुतांशी न शिकविल्याची मुले आहेत, आणि ज्या क्रमशः, ध्वनीपासून चिन्हाकडे जाणाऱ्या शिकवणुकीवाचून डिस्लेक्सियाच्या मुलाचे चालतच नाही, तिचा लाभ ह्या सर्वांनाच होतो. शिवाय वर्गात नीट शिकविले गेल्यावर जी मुले मागे उरतात, तीच खऱ्या अर्थाने विशेष साहाय्याची मुले. शिकविलेच नाही, तर कोणाची अडचण उपजत आणि कोणाची आपण लादलेली, हे कोणता तज्ज्ञ सांगू शकेल? उत्तम अध्यापन ही ह्या अडचणीची पहिली तपासणीही आहे आणि पहिला उपचारही.

आणखी एका गोष्टीचा परामर्श घेतल्यावाचून हा विषय पूर्ण होणार नाही. २००७ साली आलेल्या ‘तारे जमीन पर’ ह्या चित्रपटाने डिस्लेक्सिया हे नाव घरोघर पोहोचविले, आणि पुष्कळ पालकांनी तो पाहूनच आपल्या मुलाला तपासणीस नेले. हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. पण त्यातील मुलाची चित्रकला अलौकिक निघते, आणि तेव्हाच शाळा त्याच्यापुढे नमते. त्याच चालीवर आइन्स्टाइनपासून लिओनार्दोपर्यंत थोरांच्या याद्या फिरतात. त्यांतील आइन्स्टाइन शाळेत गणितात उत्तम होता आणि त्याला डिस्लेक्सिया होता असे मानण्यास भक्कम आधार नाही, ही गोष्ट याद्या करणाऱ्यांना अडवीत नाही. अशा कथांनी धीर येतो खरा. पण ज्या मुलाला चित्रही काढता येत नाही, सूरही लागत नाही, जे चारचौघांसारखे सामान्य आहे आणि केवळ वाचनात अडले आहे, त्याने काय करावे? त्याला प्रतिभेचे तारण ठेवल्याखेरीज सन्मान मिळू नये, ही अट क्रूर आहे. पुढे ते मूल गवंडी होईल, परिचारिका होईल, दुकान चालवील किंवा वकील होईल. अर्ज भरताना कोणाची तरी मदत घेईल, भ्रमणध्वनीवर मजकूर वाचवून घेईल, आणि संसार नेटका करील. सामान्य माणसाला सामान्यपणे जगता यावे, एवढीच शाळेकडून अपेक्षा आहे, आणि ती थोडी नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेत वाचन शिकविण्याचे आणि वाचनातील अडचण ओळखण्याचे शास्त्र हा सक्तीचा, प्रात्यक्षिकासह विषय असावा. आज तो असला तर एखाद्या प्रकरणापुरता असतो. तपासणीची सोय निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, मुलाच्या मातृभाषेतील चाचण्यांनिशी व्हावी. ज्या विषयात ज्ञान तपासावयाचे आहे, त्यात तोंडी परीक्षेला लेखी परीक्षेच्या बरोबरीचा दर्जा मिळावा. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत वेलांट्या मोजू नयेत. पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित रूपात प्रत्येक शाळेत मागितल्यावाचून उपलब्ध असावीत. आणि दाखला मिळालेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत, त्याला सवलत कोणती दिली ह्याच्या नोंदीसोबत, त्याला शिकविले काय आणि कोणी, ह्याचीही नोंद शाळेने ठेवावी व तपासनिसाने ती पाहावी.

ह्या सर्वांस पैसा लागेल, मुदत लागेल, शासननिर्णय लागतील; त्यांची वाट पाहत कोणी थांबू नये, म्हणून एक सूचना अशी करतो की जिला कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. पहिली-दुसरीच्या शिक्षकाने वर्गातील प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा, इतरांदेखत नव्हे, बाजूला घेऊन, न पाहिलेल्या मजकुराच्या चार ओळी वाचावयास द्याव्यात आणि न रागावता त्या ऐकून घ्याव्यात. मूल कोठे थांबते, काय गाळते आणि किती दमते, ते वहीत टिपावे. चाळीस मुलांच्या वर्गात रोज आठ मुलांची पाळी येते, आणि एका मुलाला दोनतीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ज्या शाळेत ही वही वर्षभर प्रामाणिकपणे चालेल, तेथील कोणतेही मूल नववीपर्यंत नजरेआड राहणार नाही, आणि बाकीच्या मागण्यांसाठी शासनापाशी भांडावयास त्या शाळेच्या हाती स्वतःचा पुरावा असेल.